सेलला दोष देण्याआधी थिंबल बघा

दोह्याहून दक्षिणेला निघाले की मेसईदनंतर सीलाइनचा वाळूचा किनारा लागतो आणि त्याही पुढे, सौदी सीमेला लागून, जमिनीत शिरलेले खोर अल अदैदचे पाणी. नोव्हेंबर उजाडला की या पट्ट्यात तंबूंची वसाहत उभी राहते. पर्यावरण व हवामान बदल मंत्रालयाकडून परवाना घ्यायचा, जागा आखून घ्यायची आणि वसंतापर्यंत दर शुक्रवार-शनिवार तिथे मुक्काम ठोकायचा, ही कतारी कुटुंबांची जुनी हौस. तंबूच्या बाजूला कॅराव्हॅन आणि कॅराव्हॅनमध्ये फ्रीज, दिवे, पाण्याचा पंप. रात्रभर धडधडणारा जनरेटर कुणालाच आवडत नाही. म्हणून छतावर सोलर पॅनेल आणि बाकाखाली लिथियम आयर्न फॉस्फेटच्या सेलची बॅटरी, अशी जोडणी आता अनेकांना हवी असते.

ही जोडणी करणारे हात बहुतेक वेळा भारतीय उपखंडातले असतात. इंडस्ट्रियल एरियातल्या वर्कशॉपमधला इलेक्ट्रिशियन किंवा रास लफानच्या औद्योगिक वसाहतीत पॅनेलवर काम करणारा, सुटीच्या दिवशी हौसेने स्वतःची बॅटरी बांधणारा टेक्निशियन. जाड केबलचे काम त्यांच्या हातचा मळ. पन्नास चौरस मिलिमीटरच्या केबलला हायड्रॉलिक टूलने लग मारताना ते चुकत नाहीत. घोळ होतो तो केसाइतक्या तारांच्या त्या बारीक वायरीत, म्हणजे सेन्स वायरीत, जिच्यावरून बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम) प्रत्येक सेलचे व्होल्टेज वाचते.

आणि मग तक्रार येते: ‘चौथा सेल खराब आलाय.’

सेल परत पाठवणे कतारमधून सोपे नाही. २८० अँपिअर-तासाचा एक सेल ३.२ व्होल्टने जवळपास ९०० वॉट-तासांचा होतो. विमानात प्रवाशाला सोबत नेता येणाऱ्या सुट्या लिथियम बॅटरीची मर्यादा १०० वॉट-तास, आणि विमान कंपनीची परवानगी घेतली तर १६०. म्हणजे ‘गावी जाताना बदलून आणू’ हा मार्ग बंद. सेल बदलण्याआधी दोन रुपयांचे थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकावर दाबून बसवायची नळी असलेली धातूची कडी, तपासणे म्हणूनच शहाणपणाचे.

आधी बॅटरी काय दाखवते ते समजून घ्यायला हवे. या रसायनाची गंमत अशी की, साधारण तीस ते सत्तर टक्के चार्जच्या दरम्यान सेलचे विश्रांतीतले व्होल्टेज ३.२८ ते ३.३३ एवढ्याच चिंचोळ्या पट्ट्यात फिरते. सगळा खेळ मिलिव्होल्टचा. अशा ठिकाणी जोडातला थोडासा रोध वाचन बिघडवू शकतो. नुसते वाचन चालू असताना वायरीतून प्रवाह जवळपास शून्य असतो, त्यामुळे सैल जोडही सज्जन दिसतो. बॅलन्सिंग, म्हणजे सगळ्या सेलचा चार्ज सारखा करणे, सुरू झाले की त्याचे बिंग फुटते. साध्या बीएमएसमध्ये बॅलन्सिंगचा प्रवाह ५० ते १०० मिलिअँपिअर असतो. जोडात १०० मिलिओहम रोध असेल तर १०० मिलिअँपिअरला १० मिलिव्होल्टची चूक दिसेल. पण जेके कंपनीच्या बीएमएससारखा दोन अँपिअरचा अ‍ॅक्टिव्ह बॅलन्सर असेल तर त्याच जोडावर २०० मिलिव्होल्ट पडतील, आणि स्क्रीनवरचा तो सेल मेल्यात जमा दिसेल.

खराब थिंबल आणि खराब सेल यांतला फरक ओळखायची एक पक्की खूण आहे. मधली प्रत्येक सेन्स वायर दोन शेजारी सेलमध्ये सामाईक असते. चौथ्या आणि पाचव्या सेलमधला जोड बिघडला, की बॅलन्सिंगच्या वेळी चौथा ३.२९० दाखवेल आणि पाचवा ३.३७०. एक जेवढा खाली, दुसरा तेवढाच वर. बेरीज मात्र ६.६६० अशी बरोबर. आता मल्टिमीटरच्या काड्या थेट सेलच्या बोल्टवर टेकवाव्यात. दोन्ही सेल ३.३३० दाखवत असतील तर सेल निर्दोष आहेत, दोष वायरीत किंवा थिंबलमध्ये आहे. पहिल्या आणि शेवटच्या वायरीला असा जोडीदार नसतो. शिवाय काही बीएमएस स्वतःला लागणारी वीजही याच दोन टोकांच्या वायरींतून घेतात, त्यामुळे टोकाचा एकच सेल सतत किंचित खाली दिसत असेल तर तिथल्या जोडाकडे आधी बघावे. एक मेख आहे: अनेक बीएमएस मोजण्यापुरते बॅलन्सिंग थांबवतात, तेव्हा हा दोष दडून राहतो. जेकेच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक बॅलन्स वायरीचा रोध वेगळा दिसतो. एकीचा आकडा बाकीच्यांपेक्षा उठून दिसला की समजावे.

थिंबल बिघडते कशामुळे, तर मापामुळे. हेच या कामाचे मर्म.

बीएमएससोबत येणारी सेन्स वायर बहुधा २२ किंवा २४ गेजची असते, क्वचित २० ची. २२ गेज म्हणजे ०.३३ चौरस मिलिमीटर, २४ म्हणजे ०.२. मोठ्या सेलचे बोल्ट मात्र एम६. सहा मिलिमीटरच्या बोल्टवर बसणारे रिंग थिंबल दुकानात मागितले की हातात पडते ते लाल स्लीव्हचे, ज्याच्यावर किंवा पाकिटावर १.२५-६ असे काहीतरी छापलेले असते. त्यातला ६ बोल्टचा. लाल रंगाचा पल्ला ०.५ ते १.५ चौरस मिलिमीटर, म्हणजे गेजमध्ये २२ ते १६. निळे १.५ ते २.५ साठी, मोठे पिवळे ४ ते ६ साठी. आता हिशेब उघड आहे: २२ गेज लालच्या अगदी काठावर, आणि २४ गेज पल्ल्याच्या साफ बाहेर. बापाचा सदरा पोराला घातल्यासारखी ती वायर नळीत हेलकावे खाते. टूल पूर्ण दाबले तरी नळीच्या भिंती एकमेकींना भिडतात आणि मधल्या तारा नुसत्या चिमटीत राहतात. वरून स्लीव्ह छान चपटी दिसते, ओढले तर लगेच निघतही नाही. पण तांब्याला तांबे घट्ट दाबून जो वायुरोधक जोड व्हायला हवा, तो झालेला नसतो.

यावर उपाय चार आहेत, आणि ते सारख्या योग्यतेचे नाहीत.

सर्वांत चांगला म्हणजे मापाचेच थिंबल शोधणे. २६ ते २२ गेजसाठी वेगळी बारीक नळीची थिंबले बनतात. मोलेक्स, टीई यांसारख्या कंपन्यांच्या यादीत ती सापडतात. अडचण एवढीच की बारीक नळी आणि सहा मिलिमीटरचे मोठे भोक ही जोडी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात सहसा नसते. मागवावी लागते. सुटीवर आलेल्या माणसाने मुंबईत लोहार चाळीत किंवा पुण्यात तपकीर गल्लीत एक फेरी मारून आणायलाही हरकत नाही. थिंबले आणि टूल चेक-इन सामानात टाकावे म्हणजे सुरक्षा तपासणीत हुज्जत नको.

दुसरा उपाय बसबारमधून, म्हणजे सेल एकमेकांना जोडणाऱ्या धातूच्या पट्टीतून, जातो. बसबार जाड असेल तर त्यातच एम३ चे छोटे आटे पाडून घ्यावेत. काही बसबार असे भोक घेऊनच येतात. तीन मिलिमीटर भोकाची बारीक नळीची थिंबले सहज मिळतात आणि सेन्स वायर मुख्य बोल्टपासून सुटी होते. मुख्य नट पुन्हा आवळताना वायरीला हात लागत नाही, हा वर फायदा. भोक मात्र बसबार सेलवर चढवण्याआधी पाडावे. सेलवर तांब्याचा कीस पडणे म्हणजे आगीला आमंत्रण.

तिसरा, दुमडण्याचा. वायर नेहमीच्या दुप्पट सोलायची, तारा हलक्या पिळायच्या, अर्ध्यावर दुमडून दुहेरी करायच्या आणि मग नळीत घालायच्या. २२ गेज दुमडले की ०.६६ होते आणि लालच्या पल्ल्यात नीट बसते. २४ गेज दुमडून ०.४ च होते, म्हणजे तरीही कमीच. तिथे तिहेरी घडी लागते आणि ती सुबक बसवायला सराव लागतो. घडी घालण्याला वर्कशॉपमधले जुने लोक नाक मुरडतात, पण नळी भरलेली असणे ही मूळ अट आहे आणि ती अशाने पूर्ण होते. बारीक वायरीला अठरा गेजचा बोटभर तुकडा जोडून त्याला थिंबल मारायचे, हा चौथा मार्ग. त्यात जोड एकाचे दोन होतात, म्हणून तो शेवटी.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नये: तारांना आधी शिशाचे पाणी देऊन मग क्रिम्प करणे, म्हणजे थिंबल दाबणे. सोल्डर मऊ असते. दाबाखाली ते हळूहळू सरकत राहते आणि काही महिन्यांत जोड आपोआप सैलावतो. शिवाय सोल्डर इन्सुलेशनखाली चढून तारांचा कडक दांडा करते. कॅराव्हॅन वाळूतल्या लाटांवरून हादरे खात जाते तेव्हा वायर नेमकी तिथे तुटते.

आता प्रत्यक्ष काम. सिलिकॉन वायर असेल तर २२ गेजमध्ये ०.०८ मिलिमीटरच्या साठ तारा असतात. दाताने किंवा ब्लेडने सोलले तर त्यातल्या दहा सहज जातात, म्हणजे तांब्याचा सहावा हिस्सा गेला. गेजचे खाचे असलेला स्ट्रिपर वापरावा आणि सोलल्यावर टोक उजेडात धरून तारा तुटल्यात का पाहावे. तुटल्या असतील तर टोक छाटून पुन्हा सोलावे. त्यासाठी वायर आधीच चार बोटे जास्त ठेवावी. किती सोलायचे? नळीच्या लांबीएवढे आणि वर चिमूटभर, म्हणजे दुसऱ्या टोकाला तारांचे टोक अर्धा ते एक मिलिमीटर डोकावले पाहिजे. डोकावले नाही तर वायर पुरती आत गेलेली नाही. जास्त बाहेर आले तर वॉशरखाली येईल. रंगीत इन्सुलेशन स्लीव्हच्या आत जावे, पण नळीत शिरू नये.

टूल हाच सगळ्यात महागडा आणि सगळ्यात मोलाचा भाग. कापणे, सोलणे, दाबणे असे सगळे एकात करणारी पत्र्याची पक्कड घरच्या डोअरबेलला ठीक. इथे रॅचेटवाले टूल हवे, जे दाब पूर्ण झाल्याशिवाय तोंड उघडतच नाही. त्याच्या जबड्यावर लाल, निळे, पिवळे ठिपके असतात. स्लीव्हच्या रंगाच्या ठिपक्यात थिंबल ठेवायचे. स्लीव्ह असलेल्या थिंबलचा डाय लंबगोल चपटा दाब देतो. बिनस्लीव्हच्या थिंबलला दात असलेला वेगळा डाय लागतो आणि तिथे दात नळीच्या सांध्याच्या विरुद्ध बाजूला यावा लागतो, नाहीतर सांधा उसवतो. दोन्ही कामे एकाच डायने उरकण्याचा मोह होतो. उरकू नयेत. चांगल्या टूलमध्ये नळीवरचा आणि इन्सुलेशनवरचा असे दोन दाब एकाच वेळी बसतात. इन्सुलेशनवरचा दाब वायरीला पकडून ठेवतो, म्हणजे हादरे तांब्यापर्यंत पोहोचत नाहीत.

पहिले काही जोड बॅटरीवर न लावता परीक्षेला बसवावेत. यूएल ४८६ए या अमेरिकन मानकात २२ गेजच्या जोडाने आठ पौंड, म्हणजे सुमारे ३.६ किलोचा ताण सोसला पाहिजे असे म्हटले आहे. २० गेजला तेरा पौंड, जवळपास सहा किलो. घरात २२ गेजसाठी तांदळाची पाच किलोची पिशवी पुरते. थिंबल खिळ्याला अडकवावे, वायरीला पिशवी बांधावी आणि मिनिटभर लोंबकळू द्यावी. २२ गेज सुटता कामा नये. २४ गेजला मात्र पाच किलो लावू नयेत, तिथे तांबेच तुटेल. ओढून निघालेला जोड फेकण्याआधी बघावा: तारा सुबक सरकून बाहेर आल्या असतील तर नळी भरलेली नव्हती, तारा नळीच्या तोंडाशी कापल्यासारख्या तुटल्या असतील तर दाब जास्त झाला किंवा डाय चुकला.

ओढून पाहिल्यावरही रोध तपासायचा असेल तर मल्टिमीटरचा ओहम कामाचा नाही. त्याच्या काड्यांचाच रोध जोडापेक्षा कित्येक पट जास्त असतो. बेंच सप्लायवरून वायरीतून एक अँपिअर सोडावा आणि जोडावर मिलिव्होल्ट मोजावेत. एक मिलिव्होल्ट म्हणजे एक मिलिओहम, इतके सरळ. २२ गेजची वायर मीटरला ५३ मिलिओहमच्या आसपास असते, म्हणजे एका सेंटिमीटरला अर्धा मिलिव्होल्टच. चांगला जोड त्याच लांबीच्या साध्या वायरीपेक्षा जास्त खात नाही.

जोडणीची वेळ आली की अंगठी, घड्याळ, कडे काढून ठेवावे आणि पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळावी. मोठ्या सेलचा अंतर्गत रोध मिलिओहमच्या पाव भागाइतका असतो; पाना दोन बोल्टवर आडवा पडला तर हजारो अँपिअर वाहतात. सेलचे ध्रुव अ‍ॅल्युमिनियमचे असतात आणि अ‍ॅल्युमिनियमवर उघड्या हवेत लगेच ऑक्साइडचा थर धरतो. कतारच्या किनाऱ्यावर उन्हाळ्याच्या रात्री दमट आणि खारट असतात, त्यात हा त्रास वाढतो. म्हणून पृष्ठभाग घासणीने घासून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून लगेच बसबार ठेवावा. बसबार थेट सेलवर, त्यावर थिंबल, मग वॉशर आणि नट. थिंबल बसबारच्या खाली कधीही जाऊ नये, नाहीतर शेकडो अँपिअरचा मुख्य प्रवाह त्या पातळ पत्र्यातून वाट काढतो. नट किती आवळायचा ते सेलच्या माहितीपत्रकात असते. टॉर्क पाना वापरावा. अंदाजाने आवळलेले बोल्ट अ‍ॅल्युमिनियममधून उखडतात.

बीएमएसचा प्लग अजून हातात असतानाच शेवटची तपासणी. मल्टिमीटरची काळी काडी बॅटरीच्या ऋण टोकावर आणि लाल काडी प्लगच्या एकेका पिनवर. चार सेलच्या बॅटरीत पाच वायरी, वाचन शून्य, ३.३, ६.६, ९.९, १३.२ असे पायरीपायरीने चढले पाहिजे. सोळा सेलला सतरा वायरी. एखादी पायरी गाळली गेली किंवा उलटली तर प्लग लावू नये. चुकीच्या क्रमाने लावलेला प्लग बीएमएस जाळायला एक क्षण पुरतो.

लुसैलच्या बस डेपोत, जिथे ४७८ इलेक्ट्रिक बस उभ्या राहू शकतात आणि ज्याची गिनेस विक्रमात नोंद आहे, तिथल्या गाड्यांसारख्या कारखान्यात बांधलेल्या बॅटऱ्यांमध्ये सेन्स वायरीचे जोड बहुधा यंत्राने वेल्ड केलेले असतात. हाताने बांधलेल्या बॅटरीला ती चैन नाही, म्हणून तिला देखभाल जास्त. स्लीव्हमध्ये स्वस्त पीव्हीसीपेक्षा नायलॉन निवडावे, उष्णता जास्त सोसते. वायरींना थोडी ढील ठेवावी, कारण सेल फुगतात, आखडतात. त्या बसबारच्या धारेवरून जाऊ देऊ नयेत.

दोह्यात १४ जुलै २०१० रोजी पारा ५०.४ अंशांवर गेला होता. उन्हात बंद पडून राहिलेल्या कॅराव्हॅनमध्ये त्याहूनही जास्त तापते. जून ते सप्टेंबर बॅटरी अर्धवट चार्ज करून, शक्यतो थंड जागी ठेवावी. ऑक्टोबरमध्ये, हंगाम उघडण्याआधी, झाकण काढून प्रत्येक थिंबल हाताने हलवून पाहावे, नटांचा टॉर्क पुन्हा तपासावा आणि बॅलन्सिंग सुरू असताना सगळ्या सेलचे वाचन एकदा लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी एखादा सेल वेगळा दिसू लागला तर ताडून बघायला तो कागद लागतो.